रजेच्या अर्जातलं 'बिसीच'

रजेच्या इंग्रजी अर्जात 'बिसीच', म्हणजे 'कळकळीने विनवतो', हे क्रियापद हवंच, असा मुख्याध्यापक म्हणून माझा हट्ट होता. त्यापायी आमचे लिपिक टेकाळे यांचा अर्ज मी दोनदा परत केला. त्यांची लेक बाळंतपणात अडली होती आणि चारची एसटी सुटायला आली होती.

"सर, हा शब्द असतो तरी कशाला?"

"काकुळतीला आलेला माणूस हाच शब्द वापरतो, टेकाळे. जुनी, खानदानी इंग्रजी आहे ती!"

"रागावू नका सर, पण वहिनी गेल्या त्या दिवशीचा तुमचा अर्ज माझ्याच फायलीत आहे. त्यात एवढंच लिहिलंय, 'पत्नी अत्यवस्थ आहे, निघतो.'"

मी सही केली. टेकाळ्यांच्या अर्जात इंग्रजीच्या तीन चुका होत्या. लाल पेन मी खिशातच ठेवलं.