डोहाकाठची अंडी

फार मागची गोष्ट. त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की डोहाकाठचा चिखलही तडकला होता. रानात पाणी तेवढंच उरलेलं. म्हणून काठावर कुणी कुणाला मारायचं नाही, मारलं तर त्याला डोह बंद, अशी जुनी रीत होती. आणि मुंगसानं नेमकी काठावरच्या टिटवीचीच अंडी खाल्ली.

सगळं रान जमलं. तहानेनं मुंगसाची जीभ टाळूला चिकटली होती. निवाड्याला बसलेलं म्हातारं कासव म्हणालं, "बोल बाबा, खाल्लीस ना?"

"खाल्ली. पण वाघोबांनी परवानगी दिली होती."

सगळ्यांनी वाघाकडे पाहिलं. हा आता नाही म्हणाला तर, म्हणून मुंगूस त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिलं. वाघ जांभई देत म्हणाला, "हो, दिली होती."

मुंगसाचा जीव भांड्यात पडला. ते पाण्याकडे वळलं, तर कासव वाटेतून हलेना. "वाघोबांचं कळलं. पण खाल्लीस तू. तुला डोह बंद."

मुंगूस कावरंबावरं होऊन शेजारच्या बिळातल्या साळिंदराला म्हणालं, "तू तरी सांग की यांना, मी विचारून खाल्ली."

साळिंदर हळूच म्हणालं, "वाघाला विचारलंस, गड्या. टिटवीला विचारलं होतंस का?"