रुईच्या गाद्या आणि पालीचं चुकचुकणं

त्या राज्याला आभाळ नव्हतं, छत होतं. कोळ्यांनी विणलेलं, इतकं तलम की उजेड आत यायचा आणि ऊन बाहेरच राहायचं. खाली बेडूक राहत. बेडकांची कातडी ती, ऊन लागलं की संपलंच!

बेडकांना रुईच्या कापसाच्या गाद्यांचा भारी शौक. गादी गार, हलकी; ना कुजायची, ना चावायची. झटकली की कापसाच्या चार म्हाताऱ्या उडत आणि रमतगमत वर जात. जाईनात का! कुणाचं काय खातात बिचाऱ्या?

छताला चिकटून एक पाल राहायची. तिने जाळ्याच्या तुकड्यावर एक म्हातारी सोडून पाहिली. म्हातारीने एक धागा उसवला, स्वतः मात्र जशीच्या तशी, आणि वळली दुसऱ्याकडे. मग तिसऱ्याकडे. ती तडक प्रधान फुगेरावांकडे उतरली.

"राव, गाद्या थांबवा. छताला भोक पडेल. तुमची पिल्लं उथळ डबक्यात आहेत, ते आटून जाईल."

"कुठाय भोक?"

"अजून पडलं नाही. म्हातारी वर पोचायलाच दोन पिढ्या जातात."

"मग त्या पिढीला सांगा की, पालबाई!" सभा खो खो हसली.

पाल कळवळून चुकचुकली. पाल चुकचुकली की अपशकुन टळावा म्हणून बसल्या जागी बोटांनी टकटक करायची, ही तिथली जुनी रीत. सगळे बसले होते गाद्यांवर. सगळ्यांनी मनोभावे टकटक केलं आणि भसाभसा म्हाताऱ्या उडाल्या. "अहो, नका!" म्हणत पाल पुन्हा चुकचुकली, तर पुन्हा टकटक. शेवटी तिने तोंडच मिटून घेतलं.

मग एके सकाळी जमिनीवर उन्हाचा गोल कवडसा पडला. काय कौतुक त्याचं! फुगेरावांनी गादी झटकून थेट त्यातच मांडली. थोड्या वेळाने पाठ चुरचुरू लागली, तसे ते उठले. कवडसा सरकत सरकत डबक्याच्या काठाशी आला. पिल्लं एकमेकांना ढकलत सावलीकडे पळाली.

"पालबाई, हा कुणाच्या गादीचा प्रताप?" रावांचा आवाज चिरकला.

"तुमच्या आजोबांच्या."

"पुरा! सगळ्या गाद्या चिखलात पुरा!" गाद्या झटपट पुरल्या गेल्या. राव धापा टाकत म्हणाले, "झालं ना आता? मिटलं ना?"

पाल चुकचुकली. रावांचा हात सवयीने उठला आणि तसाच हवेत राहिला. त्यांनी वर पाहिलं. सकाळी झटकलेल्या गादीतली म्हातारी जेमतेम हातभर वर गेली होती. तिच्या वर वडिलांच्या गादीतल्या होत्या, दाटीवाटीने, कसलीही घाई न करता वर चाललेल्या.