विरोधी मताचे आभार

फार वर्षांपूर्वी, कॅनडातील एका नदीकाठच्या गावात, एकदा एक वृद्ध वकील निवडणुकीस उभा राहिला. त्या काळी तेथे गुप्त मतदान नव्हते. मतदाराने लाकडी चौथऱ्यावर चढायचे आणि सर्वांसमक्ष उमेदवाराचे नाव मोठ्याने सांगायचे. उमेदवार तेथेच बसलेले असत. ज्याचे नाव घेतले जाई, तो उठून, टोपी काढून मतदाराचे आभार मानी.

दिवस मावळतीला आला तेव्हा दोन्ही उमेदवारांची मते जवळजवळ सारखी झाली होती. तेवढ्यात डंकन गिरणीवाला चौथऱ्यावर चढला. ओढ्याच्या पाण्यावरून त्याचा दावा चालू होता. पाणी गेले तर गिरणी बंद पडणार होती. त्याचा वकील हाच वृद्ध, आणि सुनावणी दुसऱ्याच दिवशी.

"हे मत तर आपलंच," मागे उभा असलेला, वकिलाच्या हाताखाली शिकणारा शिष्य पुटपुटला.

डंकनने वकिलाकडे सरळ पाहिले आणि प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतले.

गर्दीत हशा पिकला. वृद्ध मात्र उठला, त्याने टोपी काढली आणि डंकनला लवून अभिवादन केले.

"अहो, बसा खाली! तुमचं नाव नाही घेतलं त्यानं!" कोणीतरी ओरडले.

संध्याकाळी निकाल लागला. वृद्ध थोडक्यात हरला.

परतताना घोडागाडीत शिष्य धुमसत होता. "वकीलसाहेब, उद्या तुम्हाला ताप आलाय असं सांगू. भोगू दे त्याला! आणि तुम्ही त्याचे आभार कशाचे मानलेत?"

वृद्ध हसला. "अरे, ज्यांनी मला मत दिलं, त्यांना मी चांगला वाटलो असेन, किंवा माझी भीती वाटली असेल. चौथऱ्यावर ते कळत नाही. डंकनची गिरणी माझ्या हातात आहे, तरी त्यानं माझ्या तोंडावर दुसऱ्याचं नाव घेतलं. उद्या मी त्याच्यासाठी तितक्याच जोरानं भांडेन, याची त्याला खात्री आहे. एवढा विश्वास आज माझ्यावर दुसऱ्या कोणी दाखवला?"

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच जोराने भांडला. पाणी डंकनला मिळाले.

न्यायालयाच्या पायरीवर डंकनने त्याचे दोन्ही हात धरले. "उपकार झाले, वकीलसाहेब. पण गावात रेल्वे आणायचं तुमचं म्हणणं मला अजून पटत नाही. पुढच्या खेपेलाही मत त्यालाच."

"मोठ्यानं सांग हं," वृद्ध म्हणाला, "हल्ली मला कमी ऐकू येतं."

डंकन खो खो हसला. शिष्य क्षणभर घुटमळला. मग त्याने आपली टोपी काढली आणि डंकनला लवून अभिवादन केले.