आत्या आणायची कुठून?

इंदुमतीकाकूंच्या घरी बारा वर्षं पाळणा हलला नव्हता, आणि त्यांच्या बिनलग्नाच्या पुतणीनं, मृण्मयीनं, दत्तक लेकीचं बारसं मांडलेलं! काकूंच्या पोटात नुसतं दुखत होतं. त्या पाळण्याला आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी नवरा तरी करायचास!"

"मला आई व्हायचं होतं काकू, बायको नाही."

"मग बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? तो मान बापाच्या बहिणीचा. बापच नाही, तर आत्या कुठली? हे बारसं होणार नाही!"

मृण्मयीनं धाकट्या बहिणीला पुढे ओढलं. "या घरात आईही मी आणि बापही मीच. मग माझी बहीण हिची आत्याच ना?"

बहिणीनं बाळाच्या कानात 'रेवा' म्हटलं. रिवाजाप्रमाणे जमलेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत सणसणीत धपाटा काकूंचा होता.