खाणीतली हाक

"...मग बाबा, या दोन्हींतलं सोडू कुठलं?"

टेकडीवरच्या दर्ग्यात, भर दुपारी, श्रीनाथ माळवदे विचारत होता. आठवडाभर तो वर्तमानपत्रात बातम्या लिहायचा आणि शनिवार-रविवारी स्वतः रचलेली गाणी गायचा. दोन्हीकडे त्याचं नाव होतं, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

दर्ग्यातले फकीर दस्तगीरबाबा कबुतरांना ज्वारी टाकत राहिले.

"का सोडायचं?"

"गाणारे म्हणतात, हा पत्रकार, याच्यापुढं जपून बोला. कचेरीतले म्हणतात, हा कलावंत, याला कशाला चहाला हाक मारायची... दोन्हीकडे मान आहे, बाबा. माणूस एकही नाही."

एवढं मात्र तो मनापासून बोलला. टाळ्यांची सवय झालेला त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"गा," बाबा म्हणाले.

त्यानं गिटार घेतली आणि घरोघरच्या मोबाइलवर पोचलेलं आपलं गाणं गायला. दगडखाणीत मुलगा गेलेली आई रोज संध्याकाळी खाणीच्या तोंडाशी जाते, त्याला हाक मारते, आणि दगडच ओ देतात. छान गायला, खोट काढायला जागा नव्हती.

"कोण ही?"

"गौराबाई शिंगटे, वय अठ्ठावन्न." गाणारा बाजूला सरला आणि पत्रकार पुढे आला. "बातमी मीच केली होती. पहिल्या पानावर आली."

"ती अशी हाक मारते?"

श्रीनाथ गिटारच्या खुंट्या पिळू लागला.

"मारते का रे?"

"नाही. ते मी घातलं. बातमीत घालता येत नाही, गाण्यात येतं."

"मग ती काय करत होती?"

"काहीच नाही. रेकॉर्डर लावून दीड तास बसलो तिच्यापुढं. एक अक्षर बोलली नाही... पान छपाईला जायचं होतं. उठलो."

"नंतर?"

"नंतर गाणं झालं."

"तिला ऐकवलंस?"

श्रीनाथनं नकारार्थी मान हलवली. तीन वर्षांत ते गाणं कुठं कुठं जाऊन आलं होतं. साठ किलोमीटरवरची ती खाण तेवढी राहून गेली होती.

"आहे का ती अजून?"

"असेल."

"बातमीत 'असेल' चालतं?"

श्रीनाथनं गिटार मांडीवरून खाली ठेवली.

"जातो, बाबा. उद्याच जातो. पुन्हा मुलाखत घेतो. गाणंही ऐकवतो."

बाबांनी हात पुढे केला.

त्याला कळेना. बाबांनी त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. त्यानं रेकॉर्डर काढून दिला.

हात तसाच राहिला...

त्यानं गिटार दिली. बाबांनी दोन्ही वस्तू भिंतीशी ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाठ करून बसले.

श्रीनाथ उभा राहिला. हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. कितीतरी वर्षांत तो कुणाच्या दारात असा रिकाम्या हातांनी गेला नव्हता, आणि आता त्याला सरळ भीती वाटली.

"लिहायचं नाही, गायचं नाही... मग बाबा, तिच्यापुढं बसून मी करू काय?"

बाबांनी उरलेली ज्वारी कबुतरांपुढं टाकली.

"ती विचारील, जेवलास का. खरं सांग."