कारागिराने सजवलेलं घर

फार पूर्वी एका राजधानीत घरं सजवणारा एक कारागीर राहत होता. सरदाराचा दिवाणखाना असो की सावकाराची माडी, त्याचा हात फिरला की माणसं दारातच थबकायची. त्याच्या स्वतःच्या घरी मात्र, काय सांगावं, दिव्याखाली अंधार. काळवंडलेल्या भिंती, कुरकुरणारा झोपाळा. बायको अधूनमधून म्हणायची, आपल्याही घराकडे बघा की. तो म्हणायचा, बघू पुढच्या दिवाळीला. अशा कितीतरी दिवाळ्या गेल्या.

म्हातारपणी बायकोला विसर पडू लागला. शेजारणींची नावं गेली, वार-तिथी गेली. पण घरात ती कधी चुकली नाही. मिठाची बरणी कोणत्या कोनाड्यात, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. तुळईची कडी दिसली की लेकीचा पाळणा आठवायचा आणि ती अंगाई गुणगुणायची. खुंटीवर पागोटं दिसलं की नवरा घरी आलाय, हे तिला कळायचं.

इकडे कारागिराला त्याचं मन खाऊ लागलं. जन्मभर हिला काही दिलं नाही, निदान आता घर तरी सजवू. त्याने बायकोला लेकीकडे धाडलं आणि काम काढलं.

लेकीने बजावलं होतं, "बाबा, भिंती रंगवा हवं तर. पण आईच्या हाताखालचं काही हलवू नका."

तो हसला. राजवाडे सजवणाऱ्याला आता पोर शिकवणार, म्हणाला. त्याने कोनाडे बुजवले, कडी उपटली, खुंट्या काढल्या, झोपाळा सरपणात टाकला. घर असं झालं की बघत राहावं.

बायको परतली ती उंबऱ्याशीच थांबली. त्याने हात धरून आत नेलं, तर पदर सावरून पाहुण्यासारखी कडेला बसली. पाणी मागितलं, तेही संकोचत. घाईघाईने त्याने भिंतीत खुंटी ठोकली, पागोटं अडकवलं. पण नव्या रंगाच्या वासात तिला काहीच ओळखू येईना. म्हातारा ढसाढसा रडला.

तिला त्याची फार दया आली. जवळ जाऊन म्हणाली, "रडू नका. घर सुंदर आहे हो तुमचं. पण मला आता घरी पोचवा. आमचे हे वाट बघत असतील."

तात्पर्य एवढंच की, प्रेमाने द्यायचं तरी विचारून द्यावं. राहत्या घरातली साधी खुंटीसुद्धा कुणाच्या तरी आठवणीची असते, ती एकदा उपटली की पुन्हा ठोकून उपयोग नसतो.