झुपकी खारीची हलकी पिशवी

खार केवढी? मुठीएवढी.
शेपूट केवढं? झाडूएवढं!
तिचं नाव झुपकी.

झुपकीची आत्या राहते बर्फाच्या डोंगरावर. आत्याने निरोप धाडला, "झुपके, लवकर ये गं! ऊन वाढलंय. बर्फ वितळायला लागलाय."

झुपकीने बर्फ कधी पाहिलाच नव्हता. तिने भराभर सामान भरलं. एक निळा तंबू. एक दोर. एक पेला. एक विजेरी. सगळं एका कापडी पिशवीत. पिशवी खांद्यावर, आणि निघाली विमानाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

वाटेत होती बोरीची जाळी. काट्याला अडकली पिशवी.
फर्रर्रर्र!
पिशवी फाटली. सामान पडलं. धप्, धप्, धप्!

झुपकी रडली. मग डोळे पुसले. घरी जाऊन आजीची ट्रंक आणली. पत्र्याची, मोठ्या कुलपाची. सामान ट्रंकेत कोंबलं. ट्रंक ओढत निघाली.
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

विमानाच्या दारात कासवकाका. समोर वजनाचा काटा. ट्रंक काट्यावर ठेवली. काटा गेला खाली. खट्!
"जड आहे," कासवकाका म्हणाले.
झुपकीने सामान बाहेर काढलं. रिकामी ट्रंक ठेवली. काटा पुन्हा खाली. खट्!
"अगं, तुझी रिकामी ट्रंकच जड! सामानाचं काही नाही. हलकी पिशवी आण, मग चढ. ऊन उतरलं की विमान उडणार हं!"

आता काय करायचं? झुपकीने सामान परत ट्रंकेत भरलं. निघाली सुगरणीकडे.
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

"सुगरणताई, सुगरणताई, पिशवी विण!
कासवकाका चढू देईनात.
बर्फ वितळून जाईल!"

सुगरण म्हणाली, "विणेन की गं! पण विणू कशाने? आधी हिरवी पात आण."

झुपकी गेली गवताकडे.
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

"गवतभाऊ, गवतभाऊ, पात दे!
सुगरणताई पिशवी विणेना.
कासवकाका चढू देईनात.
बर्फ वितळून जाईल!"

गवत म्हणालं, "देईन की गं! पण बघ, मी वाळून कोळ झालोय. आधी पाणी आण."

झुपकी गेली विहिरीवर. विहिरीवर होता रहाट. तो फिरला की पाणी वर येतं.
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

"रहाटदादा, रहाटदादा, पाणी काढ!
गवतभाऊ पात देईना.
सुगरणताई पिशवी विणेना.
कासवकाका चढू देईनात.
बर्फ वितळून जाईल!"

रहाट म्हणाला, "कर्रर्र! काढेन की गं! पण अंग आखडलंय माझं. कर्रर्र! आधी तेल आण."

झुपकी गेली तेलाच्या घाण्याकडे. घाण्याच्या पोटात तीळ होते. घाणा फिरला की तिळाचं तेल निघतं.
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

"घाणोबा, घाणोबा, तेल दे!
रहाटदादा पाणी काढेना.
गवतभाऊ पात देईना.
सुगरणताई पिशवी विणेना.
कासवकाका चढू देईनात.
बर्फ वितळून जाईल!"

घाणा म्हणाला, "देईन की गं! पण मी एकटा फिरू कसा? आधी बैलाला उठव."

बैल बसला होता उन्हात. शेपटीने माश्या हाकत. फट्! फट्!
तुरुतुरु, खडाम! तुरुतुरु, खडाम!

"बैलोबा, बैलोबा, घाणा फिरव!
घाणोबा तेल देईना.
रहाटदादा पाणी काढेना.
गवतभाऊ पात देईना.
सुगरणताई पिशवी विणेना.
कासवकाका चढू देईनात.
बर्फ वितळून जाईल!"

बैल म्हणाला, "हम्मा! फिरवेन की गं! पण डोकं तापलंय माझं. ऊन उतरू दे."
"अरे देवा! ऊन उतरलं की विमान उडेल!"
"मग आधी सावली आण."

सावली? कुठून आणायची सावली? झाडाला पान नाही. आभाळात ढग नाही. तिकडून विमान गुरगुरलं. घूंऽऽऽ!

झुपकी ट्रंकेवर बसली. भोकाड पसरलं. पाय आपटले. दण्, दण्!
ट्रंकेचं कुलूप उघडलं. खट्टाक!
झाकण वर आलं. झुपकी घरंगळली खाली. आणि ट्रंकेतून डोकावलं काहीतरी निळं निळं.
तंबू!

"अगं बाई! सावली तर माझ्याच ट्रंकेत!"
काय म्हणावं या वेडाबाईला? गावभर ओढत फिरली, आणि लक्षातच नाही आलं!

झुपकी चढली बैलाच्या डोक्यावर. सर्रर्र! एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत तंबू ताणला. दोराने बांधला. पक्का! बैलाच्या कपाळावर गार गार सावली.

"वा गं वा!" बैल म्हणाला. आणि उठला की!

बैल फिरला गरगर, गरगर.
घाण्यातून तेल आलं टपटप, टपटप. झुपकीने पेला भरला. बैलाने तंबू परत दिला.
रहाट तेल प्यायला. कर्रर्र थांबलं. रहाट फिरला भरभर, भरभर. पाणी आलं खळखळ, खळखळ.
झुपकीने पेला धुतला, पाण्याने भरला. गवत पाणी प्यायलं. हिरवंगार झालं. पाती दिल्या लांब लांब, मऊ मऊ.
सुगरणीने पाती घेतल्या. चोच चालली सटासट, सटासट. पिशवी तयार! वर दोन बंद, पाठीला लावायला.

झुपकीने सामान भरलं. तंबू, दोर, पेला, विजेरी. पिशवी पाठीवर टाकली. अरेच्चा! आहे की नाही, तेच कळेना!
ट्रंक मात्र सोडवेना तिला. आजीची ना! मग मागोमाग आलेल्या बैलोबानेच ती शिंगांवर उचलली, आणि दोघं पळाले विमानाकडे.

ऊन उतरत होतं. पंखा फिरत होता. घूंऽऽऽ!
"थांबा! थांबा! मी आलेऽऽ!"

कासवकाकांनी पिशवी काट्यावर ठेवली. सामानासकट!
काटा बघितला. चष्मा पुसला. पुन्हा बघितला.
काटा जागचा हललाच नाही!
"शाब्बास झुपके! चढ!"
"आणि काका, ही ट्रंक?"
"ही राहू दे इथे. मी सांभाळतो." कासवकाका ट्रंकेवर चढून बसले. ऐटीत! "उभं राहून पाय दुखले होते गं माझे."

विमान उडालं. घूंऽऽऽ! खाली सुगरण, खाली गवत, खाली रहाट, खाली घाणा. बैल मान वर करून ओरडला, "हम्माऽऽ!"

डोंगर आला. आत्या आली. आणि बर्फ? होता! पांढरा पांढरा, गार गार, सगळा झुपकीचा!
झुपकीने उडी मारली. भुस्स! शेपटीला बर्फ, मिशांना बर्फ. तिने बर्फ खाल्ला. कुर्रम, कुर्रम!
मग तंबू ठोकला, विजेरी लावली आणि आत्याच्या कुशीत शिरली.

गोष्टीच्या पिशवीत होतं ते सगळं काढून झालं. उचलून बघा बरं. झाली की नाही हलकी?